विजयालक्ष्मी पंडित नेमक्या कशातल्या ‘पहिल्या’? संक्रांतीला दहा मिनिटं बोलायचंय

कुंदाची_वसुधा (लक्ष्मीनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी.

आमच्या स्कीममध्ये (म्हणजे अपार्टमेंटमध्ये) दर संक्रांतीला बायकांचा कार्यक्रम असतो. तिळगूळ, वाण, पुडाच्या वड्या, आणि त्याआधी कोणीतरी दहा मिनिटं एखाद्या ‘कर्तृत्ववान स्त्री’वर बोलायचं. मागच्या वर्षी माझा नंबर होता. मी विजयालक्ष्मी पंडित घेतल्या आणि पहिल्याच वाक्यात ठोकून दिलं की त्या भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची नात यूपीएससीचे क्लास करते. काकूंनी तिथंच हात वर केला, "अहो, ती मुथम्मा होती." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यात माइकनं कूं केलं. मी कशीबशी संयुक्त राष्ट्रांवर येऊन गुंडाळलं आणि खाली बसले. वडी घशाखाली उतरेना, बाप्पा.

यंदा मीच म्हटलं, त्याच विषयावर परत बोलते. तर मला नीट सांगा, त्या पहिल्या नेमक्या कशातल्या? कुठं पहिल्या महिला राजदूत लिहिलेलं असतं, कुठं पहिल्या मंत्री, कुठं जगातल्या पहिल्या. एकाच बाईला किती ‘पहिल्या’ चिकटवलेत!

दुसरं म्हणजे, त्यांचं सासर मराठी होतं ना? मी लहानपणापासून त्यांना काश्मिरी पंडितच समजत आले. नेहरूंची बहीण आणि आडनाव पंडित म्हटल्यावर दुसरं काय समजणार? आता ऐकलं की नवरा आपल्या कोकणातला, आणि विजयालक्ष्मी हे नावसुद्धा लग्नात बदललेलं. खरं का?

हे विचारण्यात माझाही थोडा स्वार्थ आहे. माझं माहेरचं नाव कुंदा. ८४ साली महालातल्या एका मंगल कार्यालयात लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात ‘वसुधा’ लिहिलं. बदलायचं कारण एवढंच की माझ्या नणंदेचं नाव कुंदा. एका घरात दोन कुंदा कशा चालतील! नणंद चार महिन्यांत लग्न होऊन अमरावतीला गेली, तिथं तिचंही नाव बदललं. म्हणजे शेवटी त्या घरात एकही कुंदा उरली नाही.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. फॅमिली पेन्शनचा अर्ज घेऊन गेले तर टेबलावरचा माणूस माझ्या दहावीच्या सनदेवर बोट ठेवून म्हणतो, "ह्या कुंदा कोण?" म्हटलं, मीच. "पुरावा?" मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, पुन्हा रांग. सात महिने गेले त्यात. म्हणून कोणाचं नाव बदललेलं दिसलं की माझे कान टवकारतात.

आणि नागपूरशी त्यांचा काही संबंध निघाला तर उत्तमच. आमच्या बायका मुंबई-दिल्लीच्या गोष्टींना लवकर कंटाळतात.

---

चौथा_अटेम्प्ट (सदर)

काकू, त्या नातीचं बरोबर आहे, पण तुम्हीही पूर्ण चुकलेल्या नाही. दोघींची लाइन वेगळी. हा घोळ आमच्या अभ्यासिकेत पण रोज होऊन राहिला.

चोनिरा बेल्लियप्पा मुथम्मा. कोडगूच्या, विराजपेटला जन्म, १९२४. परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला, १९४९ ची बॅच. मुलाखतीतच त्यांना समजावलं होतं की बाई, ही सर्व्हिस तुमच्यासाठी नाही. त्यांनी तीच घेतली. घेताना लिहून द्यावं लागलं की लग्न केलं तर राजीनामा देईन. पुरुषांकडून असं काही लिहून घेत नव्हते, हे सांगायला नको.

१९७० मध्ये त्या हंगेरीला राजदूत झाल्या. सर्व्हिसमधून वर आलेल्या पहिल्या महिला राजदूत त्याच. पुढं बढतीत डावललं म्हणून थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ चा निकाल, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर. आमच्या नोट्समध्ये पाठच आहे. नियम असा होता की महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी पाहिजे, आणि लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येईल. दुसरा नियम त्याहून भारी, विवाहित महिलेला नेमणुकीचा हक्कच नाही. खटला चालू असतानाच त्यांना बढती देऊन टाकली, म्हणून याचिका निकाली निघाली. पण कोर्टानं त्या नियमांची सालं काढली आणि ते नियम गेले. बाईंनी शेवटपर्यंत लग्न केलं नाही. १९८२ ला निवृत्त, २००९ ला वारल्या.

विजयालक्ष्मी पंडित परीक्षा देऊन आल्या नव्हत्या. सरकारनं राजकारणातून उचलून नेमलेल्या राजदूत. १९४७ मध्ये मॉस्को, १९४९ मध्ये वॉशिंग्टन (मेक्सिकोचं काम पण त्यांच्याचकडे), १९५४ च्या शेवटापासून लंडनला उच्चायुक्त. म्हणजे राजदूत म्हणून त्या आधीच्या, सर्व्हिसच्या म्हणाल तर मुथम्मा.

मुख्य ‘पहिल्या’ दोनच लक्षात ठेवा. १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात (आजचं उत्तर प्रदेश) मंत्री झाल्या, देशात मंत्रिपद मिळालेली पहिली बाई. आणि १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या अध्यक्ष, जगातली पहिली बाई. त्यांच्यानंतर दुसरी बाई त्या खुर्चीत बसली ती १९६९ ला, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स. मधली पंधरा वर्षं पुरुषच.

काकूंना सांगा, नातीला म्हणा प्रिलिमला शुभेच्छा. माझे पण तीन झाले, चौथा देऊन राहिलो.

---

निवृत्त_मास्तर (धंतोली)

वसुधाताई, प्रश्न आवडला. नव्वदच्या दशकापर्यंत इतिहास शिकवला, पण नावावरून कोणी विचारलं नव्हतं.

सासर मराठीच. रणजित सीताराम पंडित हे सारस्वत, मूळ गाव कोकणातलं बांबुळी. घराणं मात्र काठेवाडात राजकोटला स्थिरावलेलं. ऑक्सफर्डला शिकलेले, कलकत्त्याला बॅरिस्टरी, आणि संस्कृतचा नाद असा की पुढे कल्हणाच्या राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर केलं. ते बरंचसं तुरुंगात बसून. मुद्राराक्षस आणि ऋतुसंहारसुद्धा. आज लोक त्यांना नेहरूंचे मेहुणे म्हणून ओळखतात. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे.

लग्नाआधी बाईंचं नाव स्वरूप. घरात ‘नान’ म्हणत. जन्म १८ ऑगस्ट १९००, अलाहाबाद. जवाहरलाल अकरा वर्षांनी मोठे. लग्न १० मे १९२१ चं. तारीख बघा! मुहूर्त पंचांगावरून काढलेला, पण १८५७ चं बंड मीरतला १० मेलाच पेटलं होतं. लग्नाला काँग्रेसची सगळी मोठी मंडळी अलाहाबादला जमलेली. तिथल्या गोऱ्यांना वाटलं, हा उठावाचाच बेत. नेहरूंनी आत्मचरित्रात ही गंमत लिहिली आहे.

आणि हो, लग्नात नाव बदललं, ते आपल्याच रिवाजानं. नवरा रणजित म्हणून बायको विजया, जोडी जुळते ना? त्यात लक्ष्मी आली. काश्मिरी घरची स्वरूप मराठी घरात येऊन विजयालक्ष्मी झाली आणि जगानं तिला त्याच नावानं ओळखलं. तुमच्या तांदळाच्या ताटासारखंच.

नागपूरचं म्हणाल तर धागा लग्नाच्याही आधीचा आहे. डिसेंबर १९२० ची काँग्रेस आपल्याकडे भरली. काँग्रेसनगर हे नाव त्यावरून. असहकाराचा ठराव इथं पक्का झाला आणि मोतीलालांनी लाखाची वकिली सोडली. पाच महिन्यांनी मुलीचं लग्न झालं. आनंदभवनातला थाट उतरणीला लागलेल्या दिवसांतलं ते लग्न आहे.

दुसरा धागा राज्यपालपदाचा. २८ नोव्हेंबर १९६२ ला त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, इथल्या पहिल्या महिला राज्यपाल. ही एक ‘पहिली’ आमचे अटेम्प्टवाले विसरले. चीनचं युद्ध नुकतंच थांबलेलं, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले, आणि मुख्यमंत्रिपदी आपले चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार, तेही आठ दिवसांपूर्वीच बसलेले. वर्षभरात कन्नमवार पदावर असतानाच गेले. मग पुसदचे वसंतराव नाईक आले. बाईंच्या कारकिर्दीत विदर्भाचे दोन मुख्यमंत्री. ऑक्टोबर १९६४ ला त्यांनी राज्यपालपद सोडलं, नेहरूंच्या निधनानं रिकाम्या झालेल्या फुलपूरमधून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

आपल्या गावची बाई हवी असेल तर अनसूयाबाई काळे विसरू नका. त्याच १९३७ साली त्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपसभापती झाल्या. बेचाळीसच्या चिमूर-आष्टीच्या उठावातल्या फाशीच्या कैद्यांसाठी धावपळ केली. १९५२ ला नागपूरच्या खासदार. तिकडे लखनौला विजयालक्ष्मी, इकडे अनसूयाबाई. सोबत घेतल्यात तर तुमच्या बायका कंटाळणार नाहीत.

---

इतवारीचा_स्पष्टवक्ता

सगळे आरत्या ओवाळून राहिले म्हणून बोलतो. भाऊ पंतप्रधान, म्हणून बहीण राजदूत. एवढी सरळ गोष्ट आहे. मॉस्कोत दीड-दोन वर्षं होत्या, स्टालिननं एकदा भेट दिली नाही. त्यांच्यानंतर राधाकृष्णन गेले, त्यांना भेटला. वरून दूतावासाचं फर्निचर आणायला स्टॉकहोम! गरीब देशाच्या पैशानं. हे पण सांगा तुमच्या बायकांना.

---

कुंदाची_वसुधा

सांगीन की, भाऊ. फर्निचरची गोष्ट आमच्या बायकांना सगळ्यात जास्त आवडेल. पण युद्ध संपून दोन वर्षं झालेल्या मॉस्कोत खुर्च्या-टेबलं मिळत असतील का, हा विचार माझ्या मनात आला. आम्ही ८४ ला संसार मांडला तेव्हा सोफा इतवारीतून बैलगाडीवर आला होता. तुमच्याच इतवारीतून.

मास्तर, तुम्ही तर माझी दहाची दहा मिनिटं भरून दिलीत.

---

चौथा_अटेम्प्ट

स्पष्टवक्ता दादा, स्टालिनचं खरं आहे. मॉस्कोची टर्म फसलीच. पण १९३७ ला भाऊ पंतप्रधान नव्हता ना बे! कानपूरकडच्या बिल्हौरमधून निवडून आल्या आणि गोविंदवल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य खातं सांभाळलं. आडनावाचा फायदा झाला नाही असं कोण म्हणून राहिलं? पण तीन वेळा जेलमध्ये पण त्याच गेल्या, १९३२, १९४०, १९४२. ते काही भावानं नेमलं नव्हतं.

आणि १९४६ ची महासभा बघा. दक्षिण आफ्रिकेनं हिंदी लोकांना जमिनी घ्यायला, राहायला बंधनं घालणारा कायदा केला होता. भारत अजून स्वतंत्र पण नव्हता. समोर दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान जनरल स्मट्स, ज्याचा संयुक्त राष्ट्रांचा सनदनामा लिहिण्यात हात होता तोच. त्याचं म्हणणं, हा आमचा घरचा मामला. बाईंनी प्रश्न लावून धरला. मतदान ३२ विरुद्ध १५, सात तटस्थ. दोन-तृतीयांश लागत होते. ४७ चे दोन-तृतीयांश काढून बघा, किती काठावर पास झालं ते. एक मत तिकडं सरकलं असतं तरी ठराव पडला असता.

मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. नंतर त्या स्मट्सकडे गेल्या आणि म्हणाल्या, माझ्या बोलण्यात तुमच्याबद्दल काही कमीजास्त गेलं असेल तर माफ करा. गांधीजींनी निघताना बजावलं होतं म्हणून.

---

काळाकोट (सिव्हिल लाइन्स)

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. वारसाहक्काचीच कामं जास्त. वसुधाकाकू, तुम्ही नावावरून विचारलंत, पण त्या नावासोबत जे यायला हवं होतं त्याबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

रणजित पंडित १९४२ च्या धरपकडीत आत गेले. बरेलीच्या तुरुंगात तब्येत ढासळली. सोडलं तेव्हा हाती काही राहिलं नव्हतं. १४ जानेवारी १९४४ ला लखनौला गेले. पन्नाशीचे होते. बाई त्रेचाळीस वर्षांच्या. तीन मुली, चंद्रलेखा, नयनतारा, रीटा. थोरल्या दोघी अमेरिकेत शिकत होत्या.

मृत्युपत्र नव्हतं. मुलगा नव्हता. दिरांनी मालमत्तेवर हक्क सांगितला आणि मोतीलाल नेहरूंची लेक, मंत्री राहिलेली, तीनदा तुरुंगात गेलेली बाई रिकाम्या हातानं उभी राहिली. बाहेरच्यांना वाटतं, नेहरूंची बहीण, तिला काय कमी? पण तेव्हा भाऊ अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होता.

कायदा कसा होता ते थोडक्यात. १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या हिश्शात हक्क दिला होता, पण तो हयातीपुरता. ती खाऊ शकते, राहू शकते. विकणं, देणं तिच्या हातात नाही. शेतजमीन त्यात धरत नव्हते. मुलींना तर विचारतच नव्हतं कोणी. विधवेला पूर्ण मालकी मिळाली १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, कलम १४. त्याच कायद्यानं मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत बायको, मुलगा, मुलगी आणि आई एका रांगेत आली. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ उजाडलं.

माझ्याकडे आजही बायका येतात. पंचावन्न-साठीच्या, मुलं नसलेल्या किंवा नुसत्या मुलीच असलेल्या. दीर म्हणतो, वहिनी, सही करून द्या, आम्ही आहोतच ना तुम्हाला सांभाळायला. हक्कसोडपत्र घडी घालून आणलेलं असतं, पेनसुद्धा तेच देतात. मी त्यांना विजयालक्ष्मी पंडितांचं उदाहरण द्यायला लागले. कलम १४ त्यांना कळत नाही, हे कळतं.

बाईंनी आत्मचरित्रात (१९७९) एक प्रसंग लिहिलाय. त्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेला निघायच्या आधी गांधीजींचा निरोप घ्यायला गेल्या. गांधीजींनी विचारलं, सासरच्या माणसांशी मिटवलंस का? बाई म्हणाल्या, मी भांडलेच नाही कोणाशी, पण जुनाट कायद्याचा आधार घेऊन मला अडचणीत आणणाऱ्यांशी संबंध ठेवायचा नाही. गांधीजींनी तरी त्यांना जाऊन निरोप घ्यायला लावलंच.

खरं सांगू? मला तो सल्ला पटत नाही. माझ्या अशिलाला मी तो देणार नाही. मनात कडवटपणा ठेवू नये वगैरे ठीक आहे, पण आधी दावा दाखल करावा. मग खुशाल जाऊन तिळगूळ द्यावा.

---

निवृत्त_मास्तर

वकीलबाई, तुम्ही तारीख लिहिलीत आणि मी थबकलो. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत.

वसुधाताई, तुमचा कार्यक्रम त्याच दिवशी ना?

---

इतवारीचा_स्पष्टवक्ता

मालमत्तेचं माहीत नव्हतं. फर्निचरवर मी अजून ठाम आहे.

पण आणीबाणीत त्या भाचीच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या, ते सांगा. आमच्या बाबांनी दाखवलं होतं पेपरात. ७७ ला जनता पक्षाच्या प्रचाराला बाहेर पडल्या, सत्तराच्या पुढं वय, डेहराडूनहून. घरच्याच माणसाच्या विरोधात बोलायला तब्येत लागते. आणि यवतमाळच्या साहित्य संमेलनाला २०१९ ला नयनतारा सहगलना उद्घाटनाला बोलावून निमंत्रण मागं घेतलं होतं, त्या ह्यांच्याच मधल्या कन्या. बाप मराठी, हे तेव्हा वाद घालणाऱ्या किती जणांच्या ध्यानात होतं काय माहीत.

---

कुंदाची_वसुधा

मास्तर, होय. चौदालाच.

कालपासून तेच डोक्यात आहे. हे गेले त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मला कोणी बोलावलं नाही. वाईट कोणाच्या मनात नव्हतं, रीतच तशी. दुसऱ्या वर्षी वाण घरी पाठवलं. स्टीलचा छोटा डबा, वर तिळाचा लाडू, दारातच देऊन मुलगी पळाली. हळदीकुंकू मात्र नाही. तो डबा मी अजून वापरते, ओव्याला. मग कोविड आला. त्यानंतर नव्यानं आलेल्या पोरींनी व्हॉट्सॲपवर ‘हळदीकुंकू’ काढून ‘तिळगूळ समारंभ’ केलं, म्हणून आम्ही तिघीजणी परत खाली उतरायला लागलो. त्या पोरींनी त्यावर काही भाषण केलं नाही, नुसतं नाव बदललं. मी नाव बदलण्यावर एवढी खार खाऊन, बघा.

तर यंदा असं करते. महासभा दोन मिनिटांत. मॉस्को एका मिनिटात, फर्निचरसकट. स्मट्सची गोष्ट पूर्ण सांगणार, ४७ चे दोन-तृतीयांश मात्र मी घरूनच काढून नेते, तिथं हिशेब जमायचा नाही. अनसूयाबाई आहेतच. मुथम्मांचं सुरुवातीलाच, तिसऱ्या मजल्याकडे बघून. उरलेला वेळ दोनच गोष्टींना, तांदळाचं ताट आणि १४ जानेवारी. काळाकोट ताई, हक्कसोडपत्राचं पेनासकट सांगू का? तुमचं नाव घेणार नाही.

---

काळाकोट

सांगा. आणि सही करण्याआधी एक दिवस मागून घ्यायचा, एवढं नक्की सांगा. आज नाही, उद्या करते, म्हणायचं. अर्धी प्रकरणं तिथंच थांबतात.

---

कुंदाची_वसुधा (१५ जानेवारी)

झालं बोलून. दहाची सहाच मिनिटं मिळाली, कारण वड्या गार होत होत्या आणि अध्यक्षबाईंना रात्री पूजा होती. मुथम्मांचं सांगितल्यावर तिसऱ्या मजल्यानं मान हलवली. मॉस्कोचं फर्निचर अपेक्षेप्रमाणे गाजलं. स्मट्सची माफी गांधीजींमुळे मागितली म्हटल्यावर एक जण म्हणाली, "मग त्यात बाईचं काय?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तांदळाच्या ताटापाशी आले आणि सांगितलं की विजयालक्ष्मी मुळात स्वरूप, तशी मी मुळात कुंदा. पहिल्या मजल्यावरच्या आजी, ऐंशी पार केलेल्या, ऐकायला कमी येतं, त्यांना वाटलं मी सगळ्यांना विचारतेय. त्या खुर्चीवरूनच मोठ्यांदा म्हणाल्या, "माहं धुरपता." आम्ही त्यांना पंधरा वर्षं मंगलाआजी म्हणतोय. त्यांच्या सुनेनं वळून बघितलं, तिलाही माहीत नव्हतं. मग कोणी न सांगता सुरूच झालं. सुमन, यमू, शकुंतला, बेबी (बेबीच होतं, शाळेतसुद्धा). नव्या पोरींपैकी एक म्हणाली, माझं काहीच बदललं नाही, तर तिला सगळ्यांनी चिडवलं.

१४ जानेवारी आणि पेनाचं सांगायचं राहतं की काय असं झालं, पण ते मी वड्या खाता खाता सांगितलं. दोघी जवळ सरकून बसल्या. एकीनं विचारलं, एक दिवस म्हणजे चोवीस तास का?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तेवढं सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी.